हजेरीपटावरील नावे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगारसंहिता यांवर बोलू अशीच त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतोच. आणि बहुतेक वेळा ऐकणारेही तेच असतात. म्हणून वसंतातील या संध्याकाळी आम्ही थोडा निराळा विषय घेतला आहे. माणसांची नावे कोठून आली, त्यांचे अर्थ काय, आणि त्या अर्थांचे पुढे काय होते, हा तो विषय.

हा विषय पंडितांचा आहे असे कोणी म्हणेल. आम्ही पंडित नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर ज्या गावात आहे, त्या गावात शाळा सुटली म्हणून वाचन सुटलेच पाहिजे असे नाही. शिवाय नावांशी आमचा संबंध रोजचा आहे. संघटनेचे काम नावापासून सुरू होते. सभासदत्वाच्या पावतीवर पहिली ओळ नावाची. हजेरीपटावर, पगारपत्रकावर, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर पहिला रकाना नावाचा. इतकी वर्षे इतकी नावे लिहिल्यावर ती नुसती लिहिण्याऐवजी आम्ही ती वाचू लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की कारखान्याचा हजेरीपट हा या मुलखाचा एक छोटासा इतिहासग्रंथच आहे.

प्रथम देवांपासून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यातील जुन्या पिढीची नावे पहा : जोती, जोतिराम, केदारी, बिरू, भैरू, खंडू, म्हाळू, विठू, अंबू, यल्लाप्पा, रेणुका. यात स्वर्गातला देव एकही नाही. सगळे डोंगरावरचे, वेशीवरचे, माळावरचे, पायी जाऊन भेटता येणारे देव आहेत. नाव ठेवणाऱ्या आजीला संस्कृत कोश ठाऊक नव्हता. पण कोणत्या देवाला नवस बोललो होतो आणि यात्रेच्या कोणत्या दिवशी पोर जन्मले हे पक्के ठाऊक होते. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला लाखो लोक ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ असा गजर करतात. त्या गजरात देवाच्या रूपापेक्षा नावाला मान आहे, हे ध्यानात घ्या. ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात गोविंदराव फुल्यांच्या घरी मुलगा झाला. त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती, म्हणून त्याचे नाव जोतीराव ठेवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. देवळातल्या पुरोहितशाहीवर पुढे ज्याने घणाचे घाव घातले, त्या महात्म्याचे नाव आपल्या कोल्हापूरच्या डोंगरावरून गेले होते! ज्यांना संस्कृतचा शौक आहे ते ‘ज्योतिबा’ असे लिहितात. पण ते स्वतः ‘जोतीराव’ अशीच सही करीत. ते स्पेलिंग सुधारायचा अधिकार आपल्याला नाही.

आता राजघराण्याकडे वळू. शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या मुलाचे नाव गडावरच्या शिवाई देवीवरून शिवाजी ठेवले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांच्या नावाची परंपरा मात्र कमी सांगितली जाते. मालोजीराजांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराला नवस केला होता आणि म्हणून झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे सांगतात. म्हणजे बापाचे नाव पिरावरून आणि मुलाचे देवीवरून. त्या घरात कोणाला यात विसंगती वाटली नाही. आपल्याच कागलच्या घाटग्यांचे घर घ्या. २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या थोरल्या मुलाचे नाव यशवंतराव, धाकट्याचे पिराजीराव. थोरला १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि त्याचे नाव शाहू झाले. यशवंतराव हे नाव संस्कृतातले. पिराजीराव हे पिरावरचे. एकाच आईने दोन्ही नावांनी हाका मारल्या.

हजेरीपटावर हीच गोष्ट पानोपानी दिसते. हिंमतराव, दौलतराव, हैबतराव, साहेबराव, फकीरा ही नावे ज्या शब्दांपासून झाली ते अरबी-फारशी आहेत. पण ही नावे धारण करणारे मराठे, मांग, धनगर, माळी. दुसरीकडे आमच्या मुसलमान सभासदांत दस्तगीर आहेत, मिरजेच्या दर्ग्यावरून ठेवलेले मीरासाहेब आहेत. ‘दस्तगीर’ म्हणजे हात धरणारा. संघटनेच्या सभासदाला याहून चांगले नाव कोणते असणार?

पूर्वेकडे शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज या भागांत गेलात की कानडी कानावर पडू लागते. अप्पा म्हणजे बाप, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अव्वा म्हणजे आई, अक्का म्हणजे थोरली बहीण. ही कानडी नाती आपल्या नावांच्या शेपटाला जाऊन बसली आहेत. शिरोळ तालुक्यातील निमशिरगावचे देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार यांचे पूर्ण नाव रत्नाप्पा भरमाप्पा कुंभार. ‘ब्रह्म’ शब्दाचा लोकांच्या तोंडी ‘भरम’ झाला, त्याला कानडी बाप जोडला गेला, आणि भरमाप्पा तयार झाला. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा. त्यातला ‘गोंडा’ म्हणजे कानडीतला गौडा, गावचा प्रमुख. त्या भागातील जैन शेतकऱ्यांत आदगोंडा, बाबगोंडा, नेमगोंडा अशी नावे आजही आहेत. सीमा आखणाऱ्यांनी नकाशावर कोठेही रेघ मारली, तरी नावे ती रेघ मानीत नाहीत. एका संस्कृत शब्दाला मराठी वळण आणि कानडी शेपूट, असे नाव घेऊन माणूस खुशाल मराठीत भांडतो.

देवांची नावे झाली. आता भीतीची नावे पाहू. दगडू, धोंडू, कोंडू, कचरू, केरू, भिकू, उकंडा, नथू. शहरातल्या मुलांना या नावांचे हसू येते. पण ही नावे हसण्यासारखी नाहीत. एकापाठोपाठ एक मुले दगावली की पुढचे मूल जन्मताच आई त्याला केराच्या ढिगावर किंवा सुपात ठेवी. सुईण ते उचली आणि पसाभर कोंडा घेऊन आईला परत ‘विकी’. हे पोर आमचे नव्हे, मौल्यवान नव्हे, हा दगड आहे, हा केर आहे, असे मृत्यूला बजावायचे, म्हणजे तो याच्याकडे बघणार नाही. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घातली, तो नथू. भिक्षा मागून पहिले अंगडे शिवले, तो भिकू. नाव जितके ओंगळ तितकी आईची माया जास्त, असा हा उलटा हिशेब होता.

आपल्याकडच्या ‘केरबा’ या नावाविषयी आमचा एक तर्क आहे. काही केरबा केरातले असतील हे खरे. पण जोतिबाचे दुसरे नाव केदारलिंग, केदारनाथ. ‘केदारबा’चा बोलता बोलता ‘केरबा’ होणे जिभेला मुळीच अवघड नाही. तेव्हा या नावाचा एक पाय उकिरड्यावर आणि दुसरा देवळात असावा, असे आम्हांला वाटते. तज्ज्ञांनी याचा निवाडा करावा.

ही नावे पुढे कोणी बंद केली? कोणा सुधारकाने व्याख्यान देऊन बंद केली नाहीत. १९५१ च्या सुमारास देशात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी सुमारे १४६ वर्षाच्या आत मरत, असे सरकारी आकडे सांगतात. महाराष्ट्रात २०२० साली हा आकडा १६ वर आला होता. जिथे सात मुलांतले एक पाळण्यातच जाते, तिथे मृत्यूला फसवण्यासाठी दगडू लागतो. जिथे लस, नर्सबाई आणि नळाचे पाणी पोचते, तिथे दगडूची गरज उरत नाही. आज कामगारवस्तीतल्या पाळण्यात दगडू नाही याचे श्रेय दवाखान्याला आहे. आरोग्यसेविकांच्या आणि आशाताईंच्या मोर्च्यांत आम्ही जातो तेव्हा हे सांगतो : बाई, तुमच्या कामाचा अहवाल बारशाच्या यादीत लिहिलेला आहे.

मात्र येथे एक प्रश्न उभा राहतो. दगडू-धोंडू ही नावे गरिबांचीच होती काय? मुळीच नाही. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजवणारे आणि १९५८ साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव इतिहासात धोंडोपंत असे येते. म्हणजे धोंडा सर्वांच्या घरी होता, कारण मृत्यू सर्वांच्या घरी जात होता. पण पुढे त्या धोंड्याचे काय झाले ते पहा. वाड्यात तो धोंडोपंत झाला. लष्करात धोंडोजी झाला. वारीत गेला तर धोंडिबा झाला. आणि रानात, गोठ्यात, कारखान्याच्या आवारात तो जन्मभर धोंड्या राहिला.

आमच्या आजच्या बोलण्याचे मर्म येथे आहे. नाव कोठून आले हा एक प्रश्न. त्या नावाने कोण कशी हाक मारतो हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देवळात, पाळण्यात, दवाखान्यात सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधायला समाजाकडेच पाहावे लागते. नावाचे मूळ तेच राहते, पण त्याचा खरा अर्थ त्याच्या शेपटात असतो. ‘राव’ हा राजा या शब्दाचा वंशज, ‘पंत’ हा पंडिताचा. ‘बा’मध्ये वडीलकीचा मान आहे. आणि ‘या’? रंग्या, पांड्या, सख्या, धोंड्या. हा ‘या’ आईच्या तोंडी असला तर लाडाचा, मित्राच्या तोंडी असला तर सलगीचा, आणि मुकादमाच्या तोंडी असला तर हुकमाचा. अक्षर एकच, ते कोण उच्चारतो यावर त्याचा अर्थ ठरतो. मुकादमाला उलट ‘ए बाळ्या’ म्हणण्याची कामगाराला सोय नसते, यावरूनच तो लाड नव्हे हे ओळखावे.

ही वाटणी आपोआप झालेली नाही. तिच्यामागे शास्त्र उभे केले होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक, आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असा त्यांचा आशय आहे. वेतनश्रेणी ठरवावी तशी ही नामश्रेणी ठरवली होती. आईने भीतीपोटी जे नाव एकदा ठेवले असते, ते शास्त्राने कायमचे कपाळी लिहिले. आईचा दगडू आणि शास्त्राचा दगडू यांत हा फरक आहे.

तरीही माणसांनी आपली नावे जपली. भीमा नदीकाठी कोरेगावला १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ आहे, त्यावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ने शेवट होणारी महार सैनिकांची अनेक नावे आहेत. हा ‘नाक’ मूळ ‘नायक’ असावा असे काही अभ्यासक मानतात. ज्यांना गावात धड नावाने हाक मिळत नव्हती, त्यांची नावे दगडावर कोरली गेली. म्हणून आजही लाखो लोक तेथे जातात.

आपल्या शहरातील बिंदू चौकात उभे राहा. तेथे फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच, ते बसवले गेले. एकाचे नाव जोतिबाच्या यात्रेतून आले हे आपण पाहिले. दुसऱ्याला घरी लहानपणी ‘भिवा’ म्हणत. भिवाचा भीमराव झाला, आणि भीमरावाला लोकांनी बाबासाहेब केले. भिवापासून बाबासाहेबांपर्यंत जे अंतर आहे ते नुसत्या प्रत्ययांचे नाही. एका समाजाने ते चालून काढले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले, आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांतल्या पाळण्यांत निराळी नावे ऐकू येऊ लागली : सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा. धर्म बदलला हे लोक सांगतात. पण त्या दिवसापासून आयांनी मनूच्या नियमाला पाळण्यातच उत्तर दिले, हे आम्हांला तितकेच मोठे वाटते.

हजेरी या शब्दालाही दोन अर्थ आहेत. कारखान्याची हजेरी लागली तर मजुरी मिळते. पण काही जातींना गुन्हेगार ठरवून त्यांना रोज चावडीवर येऊन हजेरी द्यावी लागे. नाव पुकारले की ‘हाजर’ म्हणायचे. गुन्हा एवढाच की त्या जातीत जन्मला. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली. माणसाचे नाव पुकारणे हा त्याचा मानही असू शकतो आणि अपमानही. मान कोणता आणि अपमान कोणता, हे त्या राजाने ओळखले होते.

आता भगिनींच्या नावांकडे येतो. पुरुषाचे नाव बिघडवले जाते. बाईचे तर काढूनच घेतले जाते. ज्या घरी मुलीमागून मुलगी होई, तिथे शेवटच्या मुलीचे नाव नकोशी, नकुसा, नकुबाई ठेवीत. दगडूच्या नावात निदान ‘हा जगो’ ही इच्छा होती. नकोशीच्या नावात ‘ही पुन्हा न येवो’ ही इच्छा आहे. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. मुलींनी आपल्या पसंतीची नावे घेतली. चांगले झाले. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात ८९४ होत्या, आणि शाहू महाराजांच्या आपल्या कोल्हापुरात ८६३. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ८३९ होता, म्हणजे सुधारणा आहे. पण ज्यांना नाव ठेवण्यापुरतेही जगात येऊ दिले नाही, त्यांचे बारसे कोणता कलेक्टर करणार?

ज्या वाढल्या त्यांचे लग्नात काय होते? ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहितात. माहेरचे नाव तांदळाखाली जाते. पुढे ती अमक्याची आई होते, तमक्याची कागलवाली होते, आणि तिने स्वतः मात्र नवऱ्याचे नाव उखाण्यातच घ्यायचे. लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. ही रूढी आहे. आणि रूढीचा खर्च कोणाला पडतो हे आमच्या कचेरीत येऊन पाहावे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, बँकेत तिसरेच. नवरा कामावर मेला, तर त्याच्या निधीसाठी आणि पेन्शनीसाठी त्या बाईला प्रथम हे सिद्ध करावे लागते की या तीन बायका म्हणजे मी एकटीच आहे.

ऊसतोडीच्या फडात तर याहून कठीण आहे. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. उचल नवऱ्याच्या नावाने, हिशेब नवऱ्याच्या नावाने; मोळी बांधून डोकीवर वाहणाऱ्या बाईचे नाव मुकादमाच्या वहीत बहुधा नसतेच. दोन माणसांच्या श्रमाला एका अवजाराचे नाव! आपल्या जिल्ह्याची साखर गोड आहे. पण तिच्यात ज्यांचे नाव कोठेच लागले नाही अशा हजारो बायकांचे श्रम आहेत.

पूर्वी सगळे असेच होते, असे मानायचे कारण नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीतून आणि आसपास सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची नाणी मिळाली आहेत. त्यांवर राजांची नावे आहेत : वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. वासिष्ठीचा मुलगा, माठरीचा मुलगा, गौतमीचा मुलगा! सातवाहन सम्राटही गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी अशीच नावे लावीत. म्हणजे कोल्हापूरच्या बाजारात जे नाणे चालत होते, त्यावर राजाच्या आईची ओळख छापलेली असे. नंतर आईचे नाव नाण्यावरून गेले, कागदावरून गेले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे व शेवटी आडनाव असे लिहावे. काहींना ही नवी पाश्चात्त्य कल्पना वाटली. त्यांना आम्ही ब्रह्मपुरीची नाणी दाखवू. आणि तो दिवस १ मे, कामगार दिन, हा आम्ही शुभशकुन मानतो.

शेवटी आमच्या रोजच्या कामाची एक गोष्ट सांगतो, कारण नावाचा प्रश्न केवळ मानाचा नाही, पोटाचाही आहे. समजा, एका कामगाराचे पाळण्यातले नाव केरबा. गुरुजींना ते गावंढळ वाटले, त्यांनी शाळेत केशव लिहिले. फाउंड्रीत भरती करणाऱ्याने घाईने केरू लिहिले. आधारकार्ड काढणाऱ्या पोराने इंग्रजी अक्षरांत काहीतरी टंकले, त्याचे परत मराठीत ‘केर्बा’ झाले. तीस वर्षे हा माणूस भट्टीपुढे उभा राहिला. पगारातून दरमहा पैसे कापले गेले. निवृत्तीच्या दिवशी संगणक म्हणतो : नाव जुळत नाही. पैसे त्याचे आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो ‘तो’ आहे हे कागदाला ठाऊक नाही. अशी प्रकरणे आमच्याकडे इतकी येतात की आमच्या एका सहकाऱ्याला लोक थट्टेने ‘बारसेवाले’ म्हणतात.

यात दोष कोणाचा? एकट्या कारकुनाचा म्हणता येत नाही. माणसाला त्याचे नाव नीट विचारून लिहून घ्यावे, हीच आपल्याकडे रीत नव्हती. कामगाराचे नाव म्हणजे काहीतरी लिहिले की झाले, ही समजूत हुकमाच्या ‘या’तूनच आलेली आहे. वर्षानुवर्षे धोंड्या म्हणून हाक मारली, की त्याचे खरे नाव विचारायचे कोणाला सुचत नाही. आणि मग एक दिवस त्या दोन अक्षरांपायी त्याची जन्माची कमाई अडकते. म्हणून आमच्या संघटनेत नव्या सभासदाची पावती फाडण्याआधी त्याला विचारतात : शाळेत काय नाव आहे, आधारावर काय आहे, हजेरीपटावर काय आहे? तिन्ही एक नसतील तर तेव्हाच दुरुस्तीचे अर्ज भरून घेतो. निधीच्या खात्यातील दुरुस्तीसाठी मालक व कामगार यांचे संयुक्त घोषणापत्र असते. आता पुष्कळसे काम संगणकावरही होते. आणि नाव मुळातूनच बदलायचे असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करता येते. येथे बसलेल्यांपैकी जे नोकरदार आहेत त्यांनी हे काम निवृत्तीची वाट न पाहता करावे, आणि ज्यांच्या घरी मोलकरीण, माळी, ड्रायव्हर आहेत त्यांनी त्यांचेही कागद एकदा पाहून द्यावेत.

अलीकडे कामगारवस्तीतील आणि बंगल्यातील मुलांची नावे एकसारखी होऊ लागली आहेत. आरव इकडेही आहे, तिकडेही आहे. जुनी नावे गेली म्हणून काहींना हळहळ वाटते. आम्हांला तितकी वाटत नाही. केरबा गेला आणि त्याच्या जागी आरव आला, तर आरवच्या आईला आपले पोर जगेल अशी खात्री आहे, एवढेच त्यातून कळते. मात्र पहिल्या नावावरून जात कळेनाशी झाली, तसे लोक आता पुढचा प्रश्न लवकर विचारतात : आडनाव काय? तेव्हा नामश्रेणी मोडली असे समजून स्वस्थ बसण्याची वेळ अजून आलेली नाही.

आपल्याकडे आमचे मागणे फार मोठे नाही. घरी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा, तुमचे नाव कोणी ठेवले आणि का. आजीला तिचे माहेरचे नाव विचारा. कित्येक घरांत ते नातवंडांना ठाऊक नसते. आणि तुमच्या कचेरीत, शाळेत, सोसायटीत, गिरणीत जो माणूस झाडतो, पाणी भरतो, रात्री फाटकावर बसतो, त्याचे पूर्ण नाव माहीत करून घ्या आणि त्या नावाने त्याला हाक मारा. ‘राव’ लावा, ‘भाऊ’ लावा, ‘मामा’ लावा, ‘ताई’ लावा. कोल्हापूरच्या बोलीत मानाचे शब्द भरपूर आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. पगारवाढीसाठी आम्हांला मालकाशी महिनोन्महिने भांडावे लागते. ही वाढ देणे मात्र तुमच्याच हातात आहे, आणि तिच्यासाठी कोणताही करार करावा लागत नाही.